नव्वद शब्दांत बहिणाबाई: एका लेखक-परिचयाचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपाल बाईंचा मला जानेवारीत फोन आला. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लेखकांच्या पाट्या लावायच्या होत्या. पहिली पाटी अर्थातच बहिणाबाई चौधरींची. "ताई, मजकूर तयार आहे, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघून द्या," असं त्या म्हणाल्या. मी संपादनाची कामं करते आणि माझं माहेरही त्याच जिल्ह्यातलं. म्हटलं, पाठवा, रात्रीत होऊन जाईल.

ते काम तीन आठवडे चाललं. एवढ्याशा मजकुराला एवढा वेळ का लागला आणि शेवटी काय उरलं, ते इथे सविस्तर लिहिते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर, दिवाळी अंकात लेखाखाली, व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेत आपण लेखकाचा परिचय देतो तो बहुतेक वेळा जुना कुठला तरी मजकूर उचलून, दोन विशेषणं वाढवून. मीही कितीदा तसं केलं आहे. या पाटीनं ती सवय मोडायला लावली.

आलेला मजकूर

मजकूर अडीचशे शब्दांच्या आसपास होता. कोणी एकानं लिहिलेला नव्हता. शाळेतल्या भाषणांच्या वह्या, जुन्या स्मरणिका, मोबाइलवर फिरणारे संदेश असा इकडून तिकडून जमवलेला होता. त्याची सुरुवात आणि मधला भाग साधारण असा:

"खानदेशकन्या, निसर्गकन्या, थोर कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 24 ऑगस्ट 1880 रोजी नागपंचमीच्या शुभदिनी आसोदे या गावी एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांना शिक्षण घेता आले नाही. निरक्षर असूनही त्यांना प्रतिभेची दैवी देणगी लाभली होती. तुकाराम महाराजांना त्यांनी गुरू मानले. अहिराणी भाषेतील त्यांचे अभंग व ओव्या आजही घराघरांत गायल्या जातात..."

पुढे आचार्य अत्र्यांचा बावनकशी सोन्याचा उल्लेख, विद्यापीठाला दिलेलं नाव, आणि "त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन".

पहिल्या वाचनात शुद्धलेखनाच्या चार-दोन चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. दुसऱ्या वाचनात तुकाराम महाराजांपाशी थांबले. बहिणाबाई चौधरी 1951 साली वारल्या. तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई वेगळ्या, सतराव्या शतकातल्या, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या. त्या संत, या शेतकरीण. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर. नाव एक म्हणून दोघींचं चरित्र एका परिच्छेदात मिसळलं होतं, आणि "अभंग" हा शब्दही त्याच वाटेनं आत आला होता.

ही चूक त्या वाचनालयाची एकट्याची नाही. या दोन बहिणाबाईंची सरमिसळ मी अनेकदा पाहिली आहे. पण मला लागलं ते दुसरंच. हा मजकूर गेल्या वर्षी एका कार्यक्रमात वाचला गेला होता, टाळ्या झाल्या होत्या आणि एकालाही ती चूक खटकली नव्हती. ज्या गावापासून आसोदं जवळ आहे तिथे ही गत. याचं कारण लोकांचं अज्ञान हे मी मानत नाही. परिचय म्हणून जे वाचलं जातं ते कुणी ऐकतच नाही. "थोर", "दैवी", "अलौकिक" हे शब्द कानावर आले की माणसाचं लक्ष उडतं, आणि मग त्या झाकणाखाली काहीही खपून जातं.

मग ठरवलं की हा मजकूर दुरुस्त होणार नाही, नव्यानं लिहावा लागेल. ग्रंथपाल बाईंनी फ्लेक्सवाल्याला विचारून माप कळवलं: तीन फूट बाय दोन फूट, एका बाजूला चित्र, आणि चार-पाच फुटांवरून म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल असं अक्षर. त्या मापात नव्वद शब्द बसत होते. ही मर्यादा मला अडचणीची वाटली नाही, उलट बरं वाटलं. नव्वद शब्द म्हणजे प्रत्येक शब्दाला जागेचं भाडं भरावं लागणार.

तारखेचा गुंता

बहिणाबाईंच्या जन्माच्या दोन तारखा छापील मजकुरांत फिरतात. 11 ऑगस्ट 1880 आणि 24 ऑगस्ट 1880. दोन्हींच्या शेजारी "नागपंचमी" असतंच.

दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे पंचांगाच्या साध्या हिशेबानं कळतं. नागपंचमी म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी. 1880 साली अमावास्या 6 ऑगस्टच्या सुमारास येते, म्हणजे शुद्ध पंचमी 10-11 ऑगस्टला पडते. 24 ऑगस्टला पौर्णिमा उलटून वद्य पक्ष लागलेला असतो. तेव्हा नागपंचमी धरायची असेल तर 24 तारीख बसत नाही.

मग 11 ऑगस्ट लिहून मोकळं व्हावं? मलाही आधी तसंच वाटलं, आणि पहिल्या खर्ड्यात मी ते लिहिलंही. मग विचार केला, त्या घरात जन्माची आठवण कशी ठेवली गेली असेल? आसोद्याच्या महाजनांच्या घरात 1880 साली मुलगी झाली तेव्हा कोणी इंग्रजी तारीख लिहून ठेवली असण्याचा संभव फार कमी. "नागपंचमीची झालेली पोर" हीच आठवण पिढीतून पिढीत आली असणार, आणि इंग्रजी तारीख मागाहून कोणी तरी काढली असणार. माझ्या आजीचा जन्म "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" एवढाच आम्हाला माहीत होता; शाळेच्या दाखल्यावर मात्र 1 जून.

म्हणून पाटीवर "1880 च्या नागपंचमीला" असं लिहिलं. जे पक्कं आहे तेवढंच आलं आणि कोणत्याही तारखेच्या बाजूनं भांडायची वेळ आली नाही. शिवाय त्या एका शब्दानं वाचणाऱ्या बाईला झोका दिसतो, वारूळ दिसतं, माहेर दिसतं. 11 ऑगस्टनं यातलं काही दिसलं नसतं.

मृत्यूच्या तारखेबद्दल असा प्रश्न नव्हता. 3 डिसेंबर 1951, जळगाव. ती तारीख मी मुद्दाम पूर्ण ठेवली. कारण पुढे येईलच.

"असूनही"

"निरक्षर असूनही त्यांना प्रतिभेची देणगी लाभली होती." या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

"असूनही" काय सांगतं? अक्षर न येणाऱ्या माणसाकडून कवितेची अपेक्षा नव्हती, तरी ती आली, म्हणून नवल. म्हणजे कविता ही लिहिणाऱ्यांची मालमत्ता, आणि ही बाई चुकून त्यात आली. पण जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या महाराष्ट्रातल्या कितीतरी बायांना अक्षर येत नव्हतं. त्यांच्यासाठी गाणं हे कागदावरचं काम नव्हतंच. बहिणाबाई त्या रीतीतच वाढल्या आणि त्या रीतीच्या पुढे गेल्या. तेव्हा निरक्षरता ही त्यांच्या कवितेच्या आड आलेली अडचण म्हणून सांगण्यापेक्षा ती गाणी कुठून आली आणि कशी टिकली हे सांगणारी माहिती म्हणून यायला हवी.

मी लिहिलं: "त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं." आणि लगेच पुढचं वाक्य: "दळताना, रांधताना, शेतात राबताना त्या लेवा गणबोलीत गाणी रचत आणि म्हणत." दोन वाक्यांमध्ये "पण" नाही, "तरी" नाही, "असूनही" तर नाहीच. एक वस्तुस्थिती, मग दुसरी. नवल वाटायचं असेल तर वाचणाऱ्याला आपोआप वाटेल.

"निरक्षर" हा शब्दही काढला. तो शासकीय सर्वेक्षणातला शब्द आहे, माणसावर शिक्का मारणारा. "लिहिता-वाचता येत नव्हतं" असं आपण आपल्या आजीबद्दल बोलतो.

मूळ मजकुरात शिक्षण न मिळण्याचं कारण दिलं होतं: घरची परिस्थिती बेताची. याला कसलाही आधार मला सापडला नाही. त्या काळात खेड्यातल्या मुलीला शाळेत घालायची रीतच नव्हती, घर कसंही असो. "गरीब शेतकरी कुटुंबात जन्म" हे वाक्य मराठी लेखक-परिचयांत इतकं वापरलं गेलंय की लेखक खेड्यातला दिसला की हात आपोआप ते लिहून जातो. मी ते वाक्य काढलं, कारणही काढलं.

शेतकरी होत्या म्हणजे?

आता पहिलं वाक्य. मूळ मजकुरात नावाच्या आधी तीन पदव्या होत्या: खानदेशकन्या, निसर्गकन्या, थोर कवयित्री. "निसर्गकन्या" शब्द कानाला गोड आहे, पण तो वाचून मनात काय उभं राहतं? झाडाखाली बसून पाखरं बघणारी कोणी तरी. बहिणाबाई रानात गेल्या त्या निंदायला, पेरायला, कापणीला. पीक कसं उगवतं, मळणी कशी होते, विहिरीची मोट कशी चालते हे त्यांना ठाऊक होतं ते ती कामं जवळून केल्यामुळे. शेती करणाऱ्या पुरुषानं कविता लिहिली की आपण त्याला शेतकरी कवी म्हणतो. बाईनं तेच केलं की ती निसर्गाची कन्या होते. मला हे पटत नाही, आणि पाटीवर ते चालू द्यायचं नव्हतं.

म्हणून पहिलं वाक्य चार शब्दांचं केलं: "बहिणाबाई चौधरी शेतकरी होत्या."

खर्डा पाठवला, आणि ग्रंथपाल बाईंनी एक फार चांगली गोष्ट केली. दुपारी मासिकं वाचायला येणाऱ्या सात-आठ बायकांना त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. मी फोनवर ऐकत होते. पहिल्याच वाक्यावर एक बाई म्हणाल्या, "शेतकरी होत्या म्हणजे? शेतकऱ्याची बायको ना?"

ग्रंथपाल बाई गप्प झाल्या. मग दुसऱ्या एकीनं विचारलं, "काहून? तुम्ही वावरात जात नाही का? मग तुम्ही कोण?" त्यावर हसू फुटलं आणि मग बराच वेळ त्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव असतं यावर बोलत राहिल्या. परिचयाचं वाचन तिथेच अडकलं होतं, आणि मला त्याचा फार आनंद झाला. आदल्या वर्षी अडीचशे शब्द वाचून कोणी हूं की चूं केलं नव्हतं. इथे चार शब्दांवर बायका बोलत होत्या.

पण त्यांच्या प्रश्नात माझ्यासाठी एक काम होतं. "शेतकरी होत्या" हा नुसता दावा आहे. तो पुढच्या मजकुरानं उभा करून दाखवला पाहिजे. माझ्या त्या खर्ड्यात होतं: "तीस वर्षांच्या असताना त्यांना वैधव्य आले." व्याकरणानं बरोबर, पण ते वाक्य एका दुःखाशी येऊन थांबतं. पती नथूजी खंडेराव चौधरी वारल्यावर काय झालं? ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुलं होती आणि शेत होतं. ते कोणी चालवलं? बहिणाबाईंनी. वाक्य बदललं: "त्या तीस वर्षांच्या असताना पती नथूजी गेले. पुढे तीन मुलं, घर आणि शेत त्यांनी ओढलं." "सांभाळलं" लिहिलं होतं, ते काढून "ओढलं" केलं. सांभाळायला माणूस बसलेला असतो. ओढायला जू लागतं.

वैधव्य सांगावं की सांगू नये, यावरही मी अडले होते. लेखकाचं खाजगी दुःख परिचयात आणण्याचा मला तिटकारा आहे. हयात लेखकाच्या बाबतीत तर त्याच्या परवानगीशिवाय घटस्फोट, आजार, घरातला मृत्यू यांतलं काहीही लिहू नये. इथे ठेवलं, कारण ते दुःख त्यांच्या गाण्यांत त्यांनी स्वतः आणलं आहे. पुस्तकात जे आहे त्याकडे जाणारी वाट परिचयात चालेल. पुस्तकात जे नाही, ते वाचकाची कणव मिळवायला वापरणं चालणार नाही.

बोलीचं नाव

मजकुरात "अहिराणी" होतं. मी "लेवा गणबोली" लिहिलं, आणि लगेच वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. ते निवृत्त मुख्याध्यापक, फार मायाळू माणूस. "ताई, आपल्या भागातल्या निम्म्या लोकांच्या घरात अहिराणी आहे. त्यांना वाटेल आपली बहिणाबाई काढून घेतली."

भावना मला कळत होती. पण जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातल्या लेवा समाजाची बोली वेगळी, आणि धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव इकडची अहिराणी वेगळी. अहिराणीत "आहे"ला "शे" म्हणतात, "करतो"ला "करस". बहिणाबाईंच्या गाण्यांची घडण ती नाही. दोन्ही खानदेशातल्याच, शेजारणी आहेत, एकमेकींकडून शब्द घेतात, पण एकीचं नाव दुसरीला देता येत नाही. अध्यक्षांनी यावलकडच्या आपल्या एका जुन्या सहकाऱ्याला गाणी वाचायला सांगितली. त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि "ही तर आमच्या घरची बोली" असं सांगितलं. तिथे तो विषय मिटला.

"खानदेशी बोलीत" असं मोघम लिहून सुटता आलं असतं. कोणीच दुखावलं नसतं. पण लेखकाच्या परिचयात त्याच्या भाषेचं नाव नेमकं नसेल तर मग नेमकं काय असणार? मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली यांत लिहिणाऱ्यांच्या परिचयात "ग्रामीण बोलीभाषेत लेखन" एवढंच छापलेलं दिसतं तेव्हा मला वाईट वाटतं. बोलीला नाव आहे. ते लिहायला एक-दोन शब्द लागतात.

गौरव कुठे गेले?

अध्यक्षांचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. "एवढी मोठी कवयित्री, आणि पाटीवर एक सन्मान नाही. विद्यापीठाचं नावसुद्धा नाही. आणि कवयित्री हा शब्दच नाही!"

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर सोपं होतं. पाटीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात "कवयित्री बहिणाबाई चौधरी" असणारच होतं. तेच खाली पुन्हा सांगून दोन शब्द का घालवायचे? पुस्तकातही तेच असतं. मुखपृष्ठावर "कवितासंग्रह" लिहिलेलं असताना परिचय "हे एक संवेदनशील कवी आहेत" इथून सुरू होतो.

सन्मानांचं उत्तर मला विचार करून द्यावं लागलं. बहिणाबाईंना हयातीत कसला मान मिळाला? त्यांच्या नावावर एक पुस्तकही तेव्हा नव्हतं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 साली स्थापन झालं आणि 2018 साली त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण ती आपण केलेली गोष्ट आहे, बहिणाबाईंनी केलेली नाही. परिचयात त्यांनी काय केलं ते यायला हवं.

अध्यक्ष ऐकून घेत होते, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते म्हणाले, "पोरं त्या विद्यापीठात शिकायला जातात ताई. नाव रोज घेतात. हे नाव कोणाचं, हे त्यांना इथे कळू द्या ना." हे ऐकून माझा हट्ट सैल झाला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, माझंही चूक नव्हतं. मजकुराच्या खाली वेगळी पट्टी घेतली, लहान अक्षरात, एकच ओळ: जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून यांचं नाव आहे. परिचय वेगळा राहिला, गौरव वेगळा.

हयात लेखकांच्या परिचयातही मी आता हेच करते. मागच्या वर्षी एका नव्या कवीनं पुरस्कारांची तेरा नावं पाठवली होती. त्यांतला ज्याच्याशी या पुस्तकाचा संबंध होता असा एक ठेवला आणि बाकीची पुस्तकाच्या शेवटच्या पानावर यादी करून दिली. परिचयात त्या जागी तो बावीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो हे आलं. त्याच्या संग्रहातल्या अर्ध्या कविता त्या काट्यावर थांबलेल्या बैलगाड्यांच्या रांगेबद्दल होत्या आणि त्यानं स्वतः पाठवलेल्या मजकुरात त्याचा उल्लेखही नव्हता. "त्यात काय सांगण्यासारखं?" असं तो म्हणाला. आपल्या जगण्यातली जी गोष्ट आपल्याला रोजची वाटते तीच परिचयात सुटते, हे मी वारंवार पाहिलं आहे.

अत्र्यांचे "बावनकशी सोनं" हे शब्दही मी काढले. त्यांची प्रस्तावना नसती तर बहिणाबाई महाराष्ट्रापर्यंत इतक्या लवकर पोचल्या नसत्या, म्हणून प्रस्तावनेचा उल्लेख हवाच. पण दुसऱ्यानं केलेली स्तुती ही पाठराखण झाली. पाठराखण पुस्तकाची शिफारस करते. परिचय माणूस सांगतो. मलपृष्ठावर दोन्ही शेजारी छापले जातात म्हणून आपण ते एकमेकांत कालवतो.

कागदावर कोणी उतरवलं

मूळ मजकुरात पितांबर चौधरींचं नाव नव्हतं. बहुतेक ठिकाणी नसतं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, त्यांनी आईची गाणी अत्र्यांकडे नेली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण गाणी वेळोवेळी ऐकून वहीत लिहून ठेवण्याचं काम सोपानदेवांबरोबर त्यांच्या नात्यातल्या पितांबर चौधरींनीही केलं. ज्या कवयित्रीला लिहिता येत नव्हतं तिच्या परिचयात लिहून घेणाऱ्याचं नाव नसेल, तर वाचणाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न, म्हणजे "मग हे पुस्तक झालं कसं?", तसाच राहतो. नव्वदांतले दोन शब्द मी त्या नावाला दिले आणि मला ते सगळ्यात योग्य ठिकाणी खर्च झाले असं वाटतं.

त्याच वाक्यात पुढे मी लिहिलं होतं, "बाकीची हवेत विरली". दोन दिवस ते आवडत होतं. तिसऱ्या दिवशी वाचताना कळलं की इथे मी बहिणाबाईंच्या शेजारी उभी राहून कविता करते आहे. खोडलं. "बाकीची लिहिली गेली नाहीत." साधं, आणि जास्त जड.

एक शंका "त्या" की "ती" याचीही होती. बायका बोलताना "आपली बहिणाई म्हणते" असंच म्हणत होत्या. आपण आईला, देवाला, संताला एकेरी हाक मारतो, आणि त्यात मायाच असते. पण पाटी वाचनालयाच्या वतीनं बोलणार होती, आणि शेजारी पुढे पुरुष लेखकांच्या पाट्या लागणार होत्या. त्यांना "ते" आणि हिला "ती" असं दिसणं बरं नव्हतं. "त्या" ठेवलं.

अखेरचा मजकूर असा झाला:

"बहिणाबाई चौधरी शेतकरी होत्या. 1880 च्या नागपंचमीला जळगावजवळच्या आसोद्यात, महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. त्या तीस वर्षांच्या असताना पती नथूजी गेले. पुढे तीन मुलं, घर आणि शेत त्यांनी ओढलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, रांधताना, शेतात राबताना त्या लेवा गणबोलीत गाणी रचत आणि म्हणत. त्यांतली काही मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी वहीत उतरवून घेतली. बाकीची लिहिली गेली नाहीत. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. ते त्यांनी पाहिलं नाही."

मृत्यूची तारीख पूर्ण का ठेवली ते इथे दिसतं. डिसेंबर 1951, आणि "पुढच्या वर्षी". ते अंतर कळल्याशिवाय शेवटचं वाक्य लागत नाही.

छपाईच्या आदल्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडून प्रूफ आलं तेव्हा जुन्या फाँटमधून मजकूर उचलताना जोडाक्षरं तुटली होती: "आसोद्यात"चं "आसोदयात" आणि "आचार्य"चं "आचारय". ग्रंथपाल बाई संध्याकाळी साडेसातला त्या दुकानात खुर्ची घेऊन बसल्या आणि एकेक शब्द बोटानं दाखवत दुरुस्त करून घेतला. पुस्तकातही मलपृष्ठ हे सगळ्यात शेवटी, घाईत तपासलं जातं. आतल्या शेकडो पानांची तीन प्रुफं होतात आणि लेखकाच्या गावाचं नाव बाहेर चुकीचं छापलं जातं.

याच मजकुराची दोन धाकटी रूपंही करून दिली. एक कपाटावरच्या चिठ्ठीसाठी, वीस शब्दांचं. दुसरं कार्यक्रमात निवेदिकेनं बोलण्यासाठी. त्यात वाक्यं आणखी तोडली.

पाटी लागली. त्यानंतर ग्रंथपाल बाईंनी विचारलं, की मूळ मजकुरात चुकून शिरलेल्या त्या दुसऱ्या बहिणाबाईंचं काय? लोकांचा गोंधळ मिटवायचा तर दोघी शेजारी-शेजारी हव्यात. म्हणून आता संत बहिणाबाईंचा परिचय लिहायला घेतला आहे. देवगावच्या कुलकर्ण्यांची मुलगी, लहानपणीच पुष्कळ मोठ्या बिजवराशी लग्न, कोल्हापुरात कीर्तनातून कानावर पडलेले तुकोबांचे अभंग, स्वप्नातला उपदेश, नवऱ्याचा मार, मग देहू. आधी ठरवल्याप्रमाणे माहिती जमवायला बसले, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की जमवायचं फारसं काही नाही. त्यांनी आत्मनिवेदनाच्या अभंगांतून स्वतःचं सगळं आयुष्य, या जन्माचं आणि मागच्या बारा जन्मांचंही, स्वतःच सांगून ठेवलं आहे. सध्या मी त्यातले नव्वद शब्द शोधते आहे.